मोटरीचं रिमोट घेताय? आधी अंतर मोजा!



मागच्या हिवाळ्यात चौथीच्या वर्गात पहिल्याच तासाला एक मुलगा बाकावर डोकं ठेवून झोपला होता. मी विचारलं, "का रे, रात्री टीव्ही बघत बसला होतास का?" तो म्हणाला, "नाही बाई, लाईट बाराला आली. पप्पांबरोबर बॅटरी धरायला मोटरीवर गेलो होतो."

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या शिक्षकांना हे उत्तर नवीन नाही. एका बाजूला घोड, मधून भीमा, पलीकडे मुळा-मुठा आणि कालवा. पाणी आहे म्हणून ऊस आहे, आणि ऊस आहे म्हणून मोटर आहे. शेतीची थ्री फेज लाईट मात्र पाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात घरातलं कोणीतरी उठून विहिरीवर किंवा नदीवर जातं, आणि सोबतीला पोरगं घेऊन जातं.

पूर्वी भीती विंचवाची आणि सापाची होती. आता उसात बिबट्या आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात काही आठवड्यांच्या आत बिबट्याच्या हल्ल्यांत दोन लहान मुलं आणि एक वृद्ध आजी गेल्या. त्यानंतर पालक सभेत एकच प्रश्न वारंवार आला, "बाई, ते मोटर चालू करायचं रिमोट घ्यावं म्हणतोय, पण कोणतं घ्यायचं? किती रेंजचं घ्यायचं?"

दुकानात गेलं की खोक्यावर '५०० मीटर', '१ किलोमीटर', '२ किलोमीटर' असे आकडे दिसतात. मोठा आकडा म्हणजे चांगला माल असं वाटतं. घरी आणल्यावर ते रिमोट बांधापलीकडे चालत नाही, मग ते कपाटात जातं आणि पोरगं पुन्हा बॅटरी धरायला जातं. हे टाळण्यासाठी हा लेख लिहिला आहे. यातला बराचसा भाग वर्गात गणित आणि परिसर अभ्यास शिकवतानाही वापरता येईल.

रिमोट म्हणजे नेमकं काय?

आपण बटण दाबतो तेव्हा रिमोटमधून रेडिओ लहरी निघतात. मोटरीच्या पेटीत बसवलेला रिसीव्हर त्या पकडतो आणि स्टार्टरला 'चालू हो' किंवा 'बंद हो' असा इशारा देतो. तार नाही, माणूस नाही.

हा शोध परदेशातून आयता आला असं मुलांना वाटतं. त्यांना जगदीशचंद्र बोस यांची गोष्ट जरूर सांगा. १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतीपलीकडून, मध्ये तार न वापरता, लहरींच्या मदतीने घंटा वाजवून दाखवली होती. थंड देशांत लोक आज घरात बसून अंगणातली गाडी रिमोटने चालू करतात, इंजिन गरम होईपर्यंत चहा घेतात. तत्त्व तेच. त्यांची गाडी दारात असते, आपली मोटर मात्र उसापलीकडे असते. म्हणून आपल्याला पल्ल्याचा जास्त विचार करावा लागतो.

पल्ला का कमी होतो?

१) अंतर. अंधारात भिंतीवर बॅटरीचा झोत मारा. आता दुप्पट लांब जा. प्रकाशाचा गोल चौपट जागा व्यापतो आणि तेवढाच फिका होतो. रेडिओ लहरींचंही तसंच आहे. अंतर दुप्पट झालं की ताकद पाव होते. तिप्पट झालं की नववा भाग उरतो. म्हणजे '५०० मीटर'चं रिमोट '१००० मीटर'चं करायला मोकळ्या जागेतही चौपट ताकद लागते.

२) ताकदीवर मर्यादा. भारतात ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात परवान्याशिवाय वापरायच्या उपकरणांना १० मिलिवॅटपर्यंतच ताकदीची मुभा आहे. बाजारातली बरीच साधी रिमोटं याच पट्ट्यात चालतात. मिलिवॅट म्हणजे वॅटचा हजारावा भाग. घरातल्या ९ वॅटच्या एलईडी दिव्याशी तुलना केली तर ही ताकद किती थोडी आहे ते लक्षात येईल.

३) ऊस. हा आपल्या भागातला सगळ्यात मोठा अडथळा. हिरव्या पानात आणि कांड्यात पाणी असतं, आणि पाणी लहरी शोषून घेतं. जुलै-ऑगस्टमध्ये आडसाली लागण केली तेव्हा झकास चाललेलं रिमोट पुढच्या पावसाळ्यात ऊस डोक्यावर गेला की दगा देतं. रिमोट बिघडलं असं आपण म्हणतो. खरं तर मध्ये हिरवी भिंत उभी राहिलेली असते. पावसाने पानं ओली असली की आणखी फरक पडतो.

४) लोखंडी पेटी. स्टार्टरची पेटी पत्र्याची असते. लहरी पत्र्यातून आत जात नाहीत. अँटेना पेटीत बंद असेल तर चांगलं रिमोटही मुकं होतं. अँटेना वायरने पेटीबाहेर, उंचावर काढलेली हवी.

५) उंची. लहरी दोऱ्यासारख्या एका सरळ रेषेत जात नाहीत. दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये फुगलेली, काकडीसारखी जागा त्यांना मोकळी लागते. ४३३ मेगाहर्ट्झच्या लहरींना ४०० मीटर जायचं असेल तर मध्यावर ही काकडी सरळ रेषेच्या चहूबाजूंनी साधारण आठ मीटर फुगलेली असते. तीन-चार मीटर उंच ऊस तिचा खालचा भाग खाऊन टाकतो. म्हणून तेच रिमोट अंगणातून चालत नाही, पण गच्चीवरून चालतं.

सहावी-सातवीच्या मुलांसाठी एक सोपं गणित: ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ३०० ÷ ४३३ म्हणजे सुमारे ०.६९ मीटर, म्हणजे ६९ सेंटीमीटर. तिचा पाव भाग सुमारे १७ सेंटीमीटर. रिसीव्हरच्या साध्या वायर-अँटेनाची लांबी बहुतेक एवढीच असते. कोणी 'वायर लोंबतेय' म्हणून कापली की पल्ला कमी झालाच म्हणून समजा.

आता अंतर मोजू

पालक मला सांगतात, "विहीर हाकेच्या अंतरावर आहे." हाक रात्री लांब जाते, रिमोट जात नाही. आकडा हवा.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. एकराचा चौकोनी तुकडा असेल तर एक बाजू साधारण २०९ फूट, म्हणजे ६४ मीटर येते. घर आणि विहीर यांच्यामध्ये असे पाच तुकडे ओळीने असतील तर अंतर झालं ३२० मीटर. तुकडे लांबट असतील तर हा हिशोब चुकतो, म्हणून चालत मोजलेलं बरं. आधी १० मीटर दोरीवर आपली किती पावलं पडतात ते मोजा, मग घरापासून मोटरीपर्यंत पावलं मोजा आणि भागाकार करा. फोनमधल्या नकाशावरही दोन ठिकाणांमधलं सरळ अंतर मोजता येतं. वस्तीवरच्या मुलांना हा गृहपाठ द्या. मापन हा घटक यापेक्षा चांगला शिकवता येणार नाही. फक्त हे काम दिवसा आणि मोठ्या माणसाबरोबर करायचं, हे निक्षून सांगा.

किती अंतराला काय घ्यावं?

• १०-२० मीटर (घरामागचा बोअर, अंगणातली टाकी): ब्लूटूथ, घरच्या वायफायवर चालणारा स्विच किंवा साधं छोटं रिमोट पुरतं. इतक्या जवळच्या मोटरीसाठी मोठा खर्च करू नका.

• १०० मीटरपर्यंत: ४३३ मेगाहर्ट्झचं, बाहेर अँटेना काढता येईल असं रिमोट. मध्ये घर, गोठा, ऊस किती आहे ते बघा.

• १०० ते ४०० मीटर: इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. खोक्यावरचा आकडा मोकळ्या मैदानातला असतो, मधे काहीच अडथळा नसताना. माझा साधा नियम असा: मध्ये ऊस असेल तर खोक्यावरचा आकडा मोजलेल्या अंतराच्या निदान तिप्पट हवा, आणि तरीही जागेवर चाचणी घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

• ४०० मीटर ते एक-दोन किलोमीटर: ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालणारी लांब पल्ल्याची यंत्रं मिळतात. या पट्ट्यात परवान्याशिवाय १ वॅटपर्यंत ताकद वापरता येते. एक यंत्र घरी, एक मोटरीवर, दोन्हींच्या अँटेना उंचावर. सिमकार्ड लागत नाही. जिथे मोबाईलचं नेटवर्क नाही तिथे हा चांगला पर्याय आहे.

• त्याहून जास्त, किंवा मालक पुण्याला नोकरीला आणि शेत गावाला: मोबाईल स्टार्टर. मोटरीच्या पेटीत सिमकार्ड असलेलं यंत्र बसतं. फोन, मेसेज किंवा अ‍ॅपवरून मोटर चालू-बंद होते. इथे पल्ल्याला मर्यादा नाही, कारण लहरी आपल्या फोनपासून मोटरीपर्यंत थेट जात नाहीत. त्या दोन्हीकडे जवळच्या टॉवरपर्यंतच जातात.

मोबाईल स्टार्टरची कहाणी आपल्या जिल्ह्याशी जोडलेली आहे. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' हे मोबाईलवरून पंप चालवायचं यंत्र तयार केलं. म्हाताऱ्या आजोबांना पंप चालू करायला रात्री-अपरात्री शेतात चालत जावं लागायचं, त्यातून हा विचार सुचला. नोकियाच्या जागतिक स्पर्धेत या यंत्राला पारितोषिकही मिळालं. आज अशी अनेक कंपन्यांची यंत्रं मिळतात. 'माणसाने रात्री का चालायचं?' हा प्रश्न घरातल्या माणसाकडे बघून पडला होता, हे मुलांना सांगण्यासारखं आहे.

मोबाईल स्टार्टर घेण्याआधी पाच गोष्टी तपासा

१) नेटवर्क बांधावर नाही, पेटीपाशी बघा. नदीकाठच्या मोटरी खोलगटात असतात. फोन पेटीजवळ खाली ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून दहा वेळा रिंग द्या. दहाच्या दहा वेळा लागली पाहिजे.

२) सिम आणि यंत्र जुळतंय का? जुन्या पद्धतीचं यंत्र टू-जीवर चालतं. जिओचं जाळं फोर-जी आणि त्यापुढचं आहे, तिथे टू-जी यंत्र चालणार नाही. दुकानदाराला हा प्रश्न स्पष्ट विचारा.

३) रिचार्ज. मोटरीतल्या सिमची मुदत संपली की यंत्र मुकं. घरातल्या कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा. हे काम मुलांना द्यायला हरकत नाही!

४) फक्त घरचे नंबर नोंदवा. अनोळखी नंबरवरून मोटर चालू होता कामा नये.

५) आपला स्टार्टर कोणता आहे? लहान मोटरींना बहुधा डीओएल, मोठ्यांना स्टार-डेल्टा असतो. यंत्र त्याला जुळणारं हवं आणि जोडणी जाणकार वायरमनकडूनच करून घ्या.

पल्ल्याइतकंच महत्त्वाचं: मोटरीचं उत्तर

स्वस्त रिमोटमध्ये इशारा फक्त इकडून तिकडे जातो. मोटर खरंच चालू झाली का, हे कळत नाही. मग काय होतं? बटण दाबून झोपलेला बाप अर्ध्या तासाने 'एकदा बघून येतो' म्हणत उठतो. म्हणजे रिमोट घेऊनही अंधारातली फेरी राहिलीच.

म्हणून उलट उत्तर देणारं यंत्र घ्या. मोटर चालू झाली, लाईट गेली, एक फेज गेला, पाणी संपून मोटर कोरडी चालली, एवढं तरी त्याने कळवावं आणि शेवटच्या दोन प्रसंगी मोटर आपोआप बंद करावी. कोरड्या चाललेल्या मोटरीवरचा भार कमी होतो, त्यामुळे ती कमी करंट ओढते. यंत्र त्यावरून ओळखतं. लाईट गेल्याचं कळवायला यंत्रात छोटी बॅटरी लागते, तीही आहे का ते विचारा.

आणखी एक. काही स्वस्त रिमोटांचा सांकेतिक क्रमांक कायम एकच असतो. शेजाऱ्याने तसंच रिमोट आणलं आणि क्रमांक जुळला तर त्याच्या बटणावर आपली मोटर चालू होऊ शकते. दर वेळी क्रमांक बदलणारं रिमोट सुरक्षित.

"मग ऑटो स्विच लावला तर? लाईट आली की मोटर आपोआप चालू!" असं बरेच जण म्हणतात. पण लाईट आल्या क्षणी एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठल्या तर डीपीवर मोठा भार येतो आणि ती जळते. मग आठवडाभर कुणालाच पाणी नाही. ऑटो स्विच वापरू नका, कपॅसिटर बसवा, असं महावितरण म्हणूनच सांगत असतं. रिमोटवाल्यांनीही लाईट आल्यावर थोडं थांबून, शेजाऱ्यांशी बोलून, मागेपुढे मोटरी चालू कराव्यात.

दुकानातून घरी आणण्याआधीची चाचणी

विक्रेत्याला नमुना घेऊन शेतावर बोलवा. पेटीचं दार बंद ठेवा. जिथून रोज बटण दाबणार तिथूनच दाबा, म्हणजे ओट्यावरून किंवा खिडकीतून. दहा वेळा चालू, दहा वेळा बंद. एक माणूस पेटीपाशी उभा राहून नोंद करेल. एवढ्या चालू-बंदने मोटरीवर ताण नको म्हणून वायरमनकडून मोटरीची जोडणी सोडवून घ्या आणि फक्त यंत्राचा दिवा किंवा आवाज बघा. वीसपैकी एकही हुकला तर ते रिमोट त्या जागेसाठी नाही. ऊस लहान असताना चाचणी घेतली असेल तर आणखी तेवढंच लांब जाऊन पुन्हा बघा. दुप्पट अंतरावर चाललं तरच मोठ्या उसात टिकण्याची आशा.

वर्गात हाच प्रयोग गाडीच्या किल्लीवर करता येतो. मैदानात गाडी उभी करा. मुलांनी दहा-दहा पावलं मागे जात कुलपाचं बटण दाबायचं. मग तेच शाळेच्या भिंतीआडून, मग किल्ली गुडघ्यापाशी धरून, मग डोक्यावर धरून. चार आकडे फळ्यावर लिहा आणि स्तंभालेख काढा. उंची आणि अडथळा म्हणजे काय ते मुलं स्वतःच सांगतील.

सुरक्षेचा नियम, मोठ्या अक्षरात

रिमोट बसवलेली मोटर कधीही चालू होऊ शकते. वडील विहिरीत उतरून फुटबॉल साफ करत असताना घरी बाळाने बटण दाबलं तर? म्हणून मोटरीला, वायरला, पाइपला हात लावण्याआधी मेन स्विच बंद, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात, आणि घरी फोन करून सांगायचं. नुसतं 'रिमोट माझ्याकडे आहे' यावर विसंबू नका, कारण मोबाईल स्टार्टरला दुसऱ्या फोनवरूनही चालू करता येतं. रिमोट लहान मुलांच्या हाती खेळायला देऊ नका. आणि बटण दाबण्याआधी मोटरीवर कोणी नाही याची खात्री करायची.

रिमोट काय करू शकत नाही?

खरं सांगायचं तर रिमोट मोटर चालू करतं, दारं धरत नाही. पाटाने पाणी देत असाल तर पाणी वळवायला माणूस लागणारच. ठिबक असेल तर मात्र रात्रीची फेरी बरीचशी वाचते. पाटपाणी असेल तर रात्रपाळीला आधी शेततळं किंवा टाकी भरून घ्यायची आणि दारं दिवसा धरायची, असंही काही जण करतात. दिवसा लाईट मिळणं हाच खरा उपाय. त्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा चालू आहे. आपल्या फीडरचं काम कुठवर आलं, हे ग्रामसभेत विचारायला हवं.

तोवर एवढं तरी करू या. पावलं मोजू, आकडा वहीत लिहू, ऊस वाढल्यावर काय होईल याचा विचार करू, आणि उलट उत्तर देणारं यंत्र जागेवर तपासूनच घेऊ. जे ओट्यावरून, भर उसात, ओल्या रात्री चालतं तेच आपलं रिमोट. खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

त्या मुलाच्या वडिलांनी दिवाळीनंतर मोबाईल स्टार्टर बसवला. घर ते नदी त्यांनी आणि मुलाने मिळून दिवसा मोजलं होतं: ७४० मीटर. आता रात्रपाळीच्या आठवड्यातही तो पहिल्या तासाला जागा असतो. गुणाकार अजून चुकतो, पण ते माझ्याकडे लागलं!